आधी सवाल परत द्या

किस्से कोणी मुद्दाम साठवत नसतं. बैलगाडीच्या साट्यात कडब्याचं भुसकट साठतं ना, तसे ते साठतात. कोणी टाकत नाही, कोणी बघत नाही. एक दिवस गाडी उलटी करून झटकली की पायाशी हा ढीग! मंग आपणच म्हणतो, अरे, एवढं होतं होय.

मी गाडीवान माणूस. जालन्याहून अंबडकडं जाणाऱ्या रस्त्याला आमची ख्रिस्ती लोकांची छोटी वाडी होती, तिथल्या पाळकसाहेबांची, म्हणजे पाद्रीसाहेबांची, गाडी मी हाकायचो. पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं, पण त्याची उर्दू आमच्या तोंडातून गेली नव्हती. प्रश्नाला आम्ही सवाल म्हणायचो आणि उत्तराला जवाब. शाळेत मी कधी गेलो नाही. पण गाडीत बसणारी माणसं बोलायची, शनिवारी संध्याकाळी देवळाच्या (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) ओट्यावर तरणी पोरं जमून बोलायची, आणि मला ऐकायला फीस पडत नव्हती.

पोरं मला मामा म्हणायची. गाडीवानाला मामा म्हटलं की गाडीत जागा मिळते, हे पोरांना बराबर माहीत होतं.

* * *

आमच्यात देवळाचा कारभार बघायला मंडळी ज्यांना निवडून देते त्यांना 'वडील' म्हणतात. आमच्या वाडीचे वडील शिमोन. उंच, सरळ, पांढरा फेटा. पवित्र शास्त्र अर्धंअधिक तोंडपाठ. पोरानं सवाल विचारायला तोंड उघडलं की शिमोनवडलांचा जवाब निघालेला असायचा. सवाल आपला मागून धापा टाकत यायचा.

पाळकसाहेब नवीन होते तेव्हाची गोष्ट. दानियल त्यांचं नाव. बारीक अंगाचे, आवाजही बारीक. त्यांनीच शनिवारची ही बैठक सुरू केली होती. एका शनिवारी सुलू उभी राहिली. ही वाडीतलीच पोरगी, जालन्याच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकून राह्यली होती. म्हणाली, "नोहाच्या तारवाबद्दल विचारायचं होतं."

झालं! वडलांनी तारू बांधायला घेतलं. लांबी सांगितली, रुंदी सांगितली, लाकूड कोणतं ते सांगितलं. डांबर आतून लावलं, बाहेरून लावलं. जनावरं आत घेतली. पाऊस पाडला. पाणी चढवलं, पाणी उतरवलं. कबुतर सोडलं. तोवर दिवेलागण झाली आणि माझे बैल दावणीवरून हाका मारायला लागले.

वडील थांबले आणि म्हणाले, "समजलं ना पोरी?"

सुलू म्हणाली, "समजलं, वडील. पण मला इच्यारायचं होतं का, नोहाच्या बायकोचं नाव काय?"

वडलांनी फेटा नीट केला. पाळकसाहेबांकडं पाहिलं. पाळकसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, जसं काही मलाच माहीत असणार!

शास्त्रात ते नावच नाही म्हणे.

त्याच संध्याकाळी पाळकसाहेबांनी नियम केला. ज्याला जवाब द्यायचा असेल त्यानं आधी सवाल परत द्यायचा. म्हणजे आपल्या शब्दांत तो पुन्हा सांगायचा. विचारणाऱ्यानं 'हो, असंच' म्हणून मान हलवली, तरच जवाब. नाही हलवली तर पुन्हा सांगायचा. वडलांना हे पोरखेळ वाटलं. पाळकसाहेब म्हणाले, "वडील, दात न बघता तुम्ही बैलाचा भाव करता का?"

बैलाची गोष्ट काढली की आमच्याकडं वाद संपतो.

* * *

या सगळ्या किस्स्यांच्या पोटात एक गोष्ट चालू होती, ती आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून गोंधळ नको.

शिमोनवडलांना एकच पोरगा, मनोहर. त्याची आई नियम झाल्यावरच्या हिवाळ्यात तापानं गेली. घरात बाप आणि लेक दोघंच उरले. त्या वर्षीच्या ईस्टरला मनोहरनं सगळ्या मंडळीपुढं उभं राहून स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायचा होता. बाळपणीचा बाप्तिस्मा आईबापांच्या कबुलीवर होतो. पोरगं मोठं झालं की ते स्वतः कबूल करतं आणि मंडळीचं पुरं सभासद होतं, अशी आमच्यात रीत. त्यासाठी आधी पाळकसाहेबांकडं नाव द्यावं लागतं, ते मनोहर देईना. का देईना, तेही सांगेना.

शिमोनवडलांनी त्याला सांगून टाकलं होतं, "ईस्टरला मंडळीपुढं उभा राह्यला न्हाईस, तर माझ्या दारात उभा राहू नको."

आणि शिमोनवडील बोललेला शब्द मागं घेत नसत. हे वाडीतल्या कोंबड्यांनाही माहीत होतं.

* * *

एकदा मोठ्या शहरातून एक नामांकित उपदेशक आले. त्यांना आणायला मी जालना स्टेशनावर गेल्तो. पांढरा कोट, हातात छत्री, आवाज असा की माझा डावा बैल दोनदा बुजला.

शनिवार होता. पाहुणे ओट्यावर खुर्चीत बसले. भिंतीला टेकून बापू बसला होता. बापू म्हणजे शेजारच्या गावच्या पाटलाचा पोरगा. तो काही आमच्यातला नव्हे. तबला झकास वाजवायचा म्हणून आमच्या गाण्यांना यायचा, आणि गाणी झाल्यावर ऐकत बसायचा. त्यानं सवाल विचारला, "देव सगळीकडंच हाये, तर मंग देवळात जायचं कशाला?"

उपदेशक खुश झाले. उभे राहिले, कोट सावरला. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "साहेब, आमच्याकडं आधी सवाल परत द्यायचा असतो."

उपदेशक हसले. म्हणाले, "सोपं आहे. तुझा प्रश्न असा की, मूर्तीत देव असतो की नसतो."

बापू म्हणाला, "न्हाई."

"बरं. तुला ख्रिस्ती व्हायचं आहे, पण घरचे अडवतात."

"बिलकुल न्हाई."

"मग तुला देवळाचा कंटाळा आहे."

"कंटाळा असता तर दोन कोस चालत कशाला आलो असतो?"

पाहुण्यांनी कोट काढला. पुन्हा एक सांगितलं, पुन्हा नाही. शेवटी ते खाली बसले आणि म्हणाले, "बाबा रे, तूच सांग."

बापू म्हणाला, "मी तुमच्यातला न्हाई, म्हणून हितं भितीपाशी बसतो. मला एवढंच इच्यारायचं, का भितीपाशी बसून म्हटलेलं त्याला ऐकू जातं, का पुढं यावं लागतं?"

पाहुण्यांनी काढलेला कोट घडी घालून मांडीवर ठेवला. मंग म्हणाले, "जातं. ऐकू जातं." आणि आणखी काही बोललेच नाहीत. त्यांचं ठरलेलं मोठं भाषण होतं, ते तेवढ्यावरच आटोपलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना परत स्टेशनावर सोडलं. ह्या खेपेला बैल एकदाही बुजला नाही. गाडी यायची वेळ झाली तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या पाळकांचा हा नियम आमच्या परिषदेत कोणाला सांगू नका. आमची परिषद दोनच दिवसांची असते."

* * *

नियम असा वाडीत सुटला की तो ओट्यावर राहीना, घराघरात शिरला.

आखाडात पाळकसाहेबांच्या घरावरची कौलं सरकली होती. पाळकीणबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "कौलं कधी फिरवून घेता?"

पाळकसाहेब पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "बघू."

बाई म्हणाल्या, "सवाल परत द्या."

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "तुमचा सवाल असा का, कौलं कधी फिरवून घेता."

बाईंनी मान हलवली नाही. म्हणाल्या, "माझा सवाल असा का, पाऊस माझ्या चुलीवर पडतो, तर तुमच्या पुस्तकावर का पडत न्हाई?"

पाळकसाहेब तसेच उठले आणि शिडी आणायला गेले. शिडी मीच धरली. वरून ते मला म्हणाले, "मामा, ह्या नियमाचा मला पस्तावा होतो असं कुठं बोलू नका."

* * *

बापूच्या बापाचं सांगतो. पाटील एकदा तरातरा आमच्या वाडीत आले. संगं चारदोन माणसं. आवाज लांबूनच येत होता. पोराला बाटवून राह्यले, तबल्याच्या नावाखाली काय काय शिकवून राह्यले, असं सगळं. मी गाडीला वंगण देत होतो. हात तसेच काळे घेऊन जवळ जाऊन उभा राहिलो. म्हटलं, पाळकसाहेबांचं अंग बारीक, काही झालं तर आपण असावं.

पाळकसाहेबांनी बाज पुढं ओढली. पाटील बसेनात. मंग तेही उभेच राहिले. पाटलांचं सगळं बोलून होईस्तोवर त्यांनी एकदाही मधी तोंड घातलं नाही. आणि पाटलांचं बोलणं काही आखूड नव्हतं.

संपलं तसं पाळकसाहेब म्हणाले, "पाटील, तुमचा सवाल मला असा समजला. माझा पोरगा माझा राहील का न्हाई. असंच का?"

पाटलांनी वर केलेला हात खाली घेतला. मंग मान हलली.

पाळकसाहेब म्हणाले, "राहील."

एवढंच. पाटील बाजेवर टेकले. संगंच्या माणसांना काय करावं समजेना, ती माझे बैल बघायला लागली. पाटलांनी चहा घेतला नाही, पण पान घेतलं. जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाले, "एवढंच इच्यारायला आल्तो बघा. बाकीचं भांडण वाटंत जमवलं होतं, ते सगळं वाया गेलं."

पुढच्या शनिवारी बापू आला तो नवा तबला घेऊन. बापानं जालन्याहून आणून दिला म्हणाला.

* * *

आता माझा स्वतःचा एक. हा सांगावा का नाही, समजत नाही, पण सांगतो.

जाफराबादेकडं दोन ख्रिस्ती घरं होती. पाळकसाहेब तिकडं आधीच जीपगाडीनं कोणासंगं गेले होते, त्यांना आणायला मी बैलगाडी घेऊन निघालो. लांबची, दोन दिवसांची वाट. मनोहर म्हणाला, मामा, मीबी येतो. आईमागं त्याला घरात बसवत नव्हतं, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, बस.

वाटेत त्यानं विचारलं, "मामा, तुम्हाला वाचता येत न्हाई. मंग तुमचा विश्वास कशावर हाये?"

आता आला का पेच! पण नियम तो नियम. मी सवाल परत द्यायला घेतला. म्हटलं, "तुझा सवाल असा का रे..." तेवढ्यात चढ लागला. चढावर मी बोलत नसतो, बैलांना वाटतं आपल्यालाच बोलतो. चढ संपला तर ओढा आला. बैल पाणी प्यायले. मी म्हटलं, "तर तुझा सवाल असा का, पुस्तक न वाचता..." मनोहर म्हणाला, तसं नाही मामा. मी पुन्हा विचार करायला लागलो. विचार करताना माझ्याच्यानं जल्दी होत नाही. एका बाभळीखाली भाकर सोडली, दोघांनी खाल्ली. ऊन उतरलं. मी म्हटलं, "म्हंजे, ज्याच्यापाशी पुस्तक न्हाई त्यानं..." तोही सवाल नाही. मंग मी त्याला म्हटलं, "बाबा, तूच जरा बोल, तुझ्या मनात काय हाये." तो बोलायला लागला. आईचं बोलला. ती कसं गाणं म्हणायची, ते बोलला. तिलाही वाचता येत नव्हतं. गाडी चालली होती, मी 'हं' म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी जाफराबादेची घरं दिसायला लागली तेव्हा मी म्हटलं, "आता सांगतो. तुझा सवाल असा..."

मनोहर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मामा. मला समजलं."

त्याला काय समजलं, ते मला आजवर समजलेलं नाही.

* * *

तरी ईस्टरसाठी त्यानं नाव दिलंच नाही. शनिवारी यायचा, आणि काहीबाही सवाल टाकायचा. योनाला माशानं गिळलं तर त्यानं आत श्वास कसा घेतला? शास्त्रात सूर्य आभाळात थांबला म्हणतात, तेव्हा कोंबडे कधी आरवले? पोरं हसायची. सवाल परत दिला की मनोहर मान हलवायचा, जवाब ऐकायचा, आणि तोंडावर काही नाही. जसं काही पाहुण्याला दिलेलं पाणी त्यानं नुसतं हातात धरलंय.

एकदा त्यानं विचारलं, "प्रभूनं मेलेल्या लाजराला कबरीतून उठवलं, ते त्या एकट्यालाच का?"

दोघातिघांनी सवाल परत द्यायला बघितलं. मनोहर मान हलवीना. मागून सुलू म्हणाली, "तुला असं इच्यारायचंय का, बाकीच्यांच्या घरच्यांनी काय करायचं?"

मनोहरनं मान हलवली. उठला आणि गेला.

सुलूच्या डोळ्यांना पाणी आलं. दवाखान्यात त्याच्या आईच्या उशाशी ती होती ना.

* * *

झावळ्यांच्या रविवारची आदली संध्याकाळ. ईस्टर आठवड्यावर आला होता. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत हातात धरायला आम्ही शिंदीच्या झावळ्या तोडून आणून ओट्याशी पाण्यात उभ्या केल्या होत्या. शिमोनवडील आले. बगलेत शास्त्र. इतक्या दिवसांत ते शनिवारी फारसे येत नव्हते, त्या नियमावर त्यांचा राग होता. आले ते उभेच राहिले.

पाळकसाहेबांना म्हणाले, "तुम्ही पोरांना बोलायला लावलं, म्हणून माझं पोरगं नाव देत न्हाई. आज त्याला जवाब मी देणार. त्याचा बाप मी हाये."

पाळकसाहेब म्हणाले, "बराबर आहे. तुमचाच हक्क. आधी सवाल परत द्या."

मनोहर सतरंजीवर मांडी घालून खाली बघत बसला होता.

वडील म्हणाले, "त्याचा सवाल असा का, बापाचं ऐकायचं का न्हाई."

मनोहर हलला नाही.

"त्याचा सवाल असा का, शास्त्र खरं का खोटं."

नाही.

"दोन पुस्तकं शिकला म्हणून शहाणा झालो का, असा त्याचा सवाल."

त्यालाही मान हलली नाही. वडलांनी शास्त्र उघडलं, पानं चाळली, पुन्हा मिटलं. ते ओट्याच्या पायरीवर बसले. फेटा काढून बाजूला ठेवला. डोकं पार पांढरं झालं होतं, ते मला तेव्हा दिसलं.

मंग ते बोलले, पण पाळकसाहेबांकडं बघून नाही. झावळ्यांकडं बघून.

"तुझ्या आईला ताप होता. आपण दोघं उशाशी बसून मागत होतो. तू मागितलं. मीबी मागितलं. सगळ्या मंडळीनं मागितलं. ते कोणी ऐकलं का?"

मंग मनोहरकडं वळून त्यांनी विचारलं, "असंच का रे?"

मनोहरनं मान हलवली. वर बघितलं नाही, पण हलवली.

पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "वडील, आता द्या जवाब."

शिमोनवडलांनी डोक्यावरून हात फिरवला. मंग म्हणाले, "जवाब कुठून देऊ? हा सवाल त्याचा न्हाईच. माझा हाये."

मनोहर उठला. पायरीपाशी गेला, बापाचा फेटा उचलून झटकला आणि त्यांच्या हातात दिला.

"बाबा, घरी चला. भाकरी मी टाकतो."

वडील म्हणाले, "घरात पीठ न्हाई."

"मंग गिरणीतनं जाऊ."

दोघं निघाले. गिरणी बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून वडील ढांगा टाकत पुढं चालले होते, आणि मनोहर मागून म्हणत होता, "हळू चला ना, बाबा. हळू चला."